खाणावळीतली ओळख

ओळख कुठे व्हावी याला काही नियम नाही. रेल्वेच्या डब्यात होते, दवाखान्याच्या बाकावर होते, रेशनच्या रांगेत होते. पूर्वी पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या सड्या माणसांची मात्र बहुतेक वेळा खाणावळीत व्हायची. समोर रोज तोच माणूस बसलेला. आधी नुसती मान हलते, मग मीठ पुढे सरकवलं जातं, मग आजची आमटी पाणीदार आहे यावर एकमत होतं... आणि तीस-चाळीस वर्षांनी त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात आपण अक्षता वाटत उभे असतो. घरातली मुलं त्याला काका म्हणतात, आणि हा काका नक्की कुठल्या बाजूचा हे त्यांना बरीच वर्षं उमगत नाही.

आज अशाच एका खाणावळीबद्दल लिहायचं आहे. फक्त ती सदाशिव पेठेतली नाही, जोहान्सबर्गमधली आहे. साल १९०४.

'सत्याचे प्रयोग' आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं, निदान चाळलेलं तरी असतं. त्यात आगगाडीतून ढकलून दिल्याचा प्रसंग लक्षात राहतो, बकरीचं दूध लक्षात राहतं. दक्षिण आफ्रिकेतल्या शाकाहारी खाणावळीची पानं मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. मला ती फार आवडतात. एका माणसाचं रक्ताबाहेरचं कुटुंब कसं जमत गेलं, ते तिथे अगदी साध्या शब्दांत लिहिलेलं आहे.

तेव्हा गांधी चौतीस वर्षांचे होते. वकिली चांगली चाललेली, बायकामुलं भारतात, हे एकटे जोहान्सबर्गमध्ये. हे शहर सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं. याच शहरातल्या ग्रँड नॅशनल हॉटेलच्या मॅनेजरनं १८९३ मध्ये गांधींना नखशिखांत न्याहाळून खोली शिल्लक नाही असं सांगितलं होतं. गोरा आणि हिंदी माणूस एका टेबलावर बसून जेवतोय, हे दृश्य अशा शहरात सहज दिसणारं नव्हतं. पण शाकाहारी खाणावळ ही जागाच थोडी चक्रम माणसांची होती. थिऑसॉफीवाले, टॉलस्टॉय वाचणारे, पाणी आणि मातीचे उपचार करणारे, असले लोक तिथे यायचे. चारचौघांत विक्षिप्त ठरलेल्या माणसांना दुसऱ्या विक्षिप्ताचा रंग तितकासा खटकत नसावा. त्यामुळे तिथल्या भेटींना योगायोग म्हणताना मी जरा थबकतो. कोण भेटेल हे नशिबावर होतं हे खरं, पण कुठल्या प्रकारचा माणूस भेटेल हे त्या जागेनं आधीच चाळून ठेवलेलं होतं. (आणि हे चाळणं दरवेळी बिनचूक असतं असंही नाही. अशाच एका शाकाहारी खाणावळीच्या थिऑसॉफिस्ट मालकीणबाईंना गांधींनी एका अशिलाच्या ठेवीतले हजार पौंड दिले, ते बुडाले, आणि स्वतःच्या खिशातून भरावे लागले!)

तिथे त्यांना रोज संध्याकाळी भेटायचे ते अल्बर्ट वेस्ट. इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या लाउथ गावचे, शेतकरी कुटुंबातले, बेताचं शिक्षण झालेले. एका लहानशा छापखान्यात त्यांची भागीदारी होती. जेवण झालं की दोघं फिरायला जायचे. एवढीच ओळख. आपल्यापैकी कित्येकांच्या आयुष्यात अशी संध्याकाळची ओळख असते, आणि ती तेवढीच राहते.

मग मार्च १९०४ मध्ये प्लेग आला. एका सोन्याच्या खाणीवर काम करणारे २३ हिंदी मजूर तो घेऊन वस्तीत परतले. मदनजीत नावाचे कार्यकर्ते तिथे होते, त्यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप फोडून सगळ्या रुग्णांना आत नेलं आणि गांधींना पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून पाठवली. गांधी आले, डॉ. विल्यम गॉडफ्रे आले, गांधींच्या ऑफिसातले चार तरुण कारकून आले. शुश्रूषा सुरू झाली. पुण्याच्या प्लेगबद्दल ज्यांनी वाचलं आहे त्यांना यात धोका किती होता हे सांगायला नको. गांधींनी नगरपालिकेच्या हलगर्जीपणावर बोट ठेवणारं कडक पत्र वर्तमानपत्रात लिहिलं. साथीच्या दिवसांत कमी खायचं असा त्यांचा नियम होता, म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं, आणि दुपारचंही इतर गिऱ्हाइकं येण्याआधी उरकून घेऊ लागले. आपल्यामुळे कुणाला लागण नको.

झालं असं की वेस्टना रोजच्या जागेवर रोजचा माणूस दिसेना. पत्र त्यांनी वाचलेलं होतं. एक-दोन दिवस वाट पाहिली, आणि एके दिवशी पहाटे गांधींच्या दारावर थाप मारली. तुम्ही दिसला नाहीत म्हणून घाबरलो, मी एकटा जीव आहे, माझ्यावर कुणी अवलंबून नाही, रुग्णांची सेवा करायला मला घ्या, असं त्यांचं म्हणणं.

ही थाप मला या सगळ्या कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. खाणावळीत कुणी दोन दिवस आलं नाही तर आपण काय म्हणतो? गावाला गेला असेल. आणि शहरात प्लेग आहे, तो माणूस प्लेगच्या रुग्णांत वावरतोय हे छापून आलेलं आहे, अशा वेळी बहुतेक शहाणी माणसं लांबच राहतात. वेस्टना गांधींकडून काही हवं नव्हतं. रिकामी खुर्ची त्यांना खुपली, एवढंच.

गांधींनी त्यांना शुश्रूषेला घेतलं नाही. क्षणभरही विचार न करता दुसरंच काम सांगितलं. मदनजीत इथे अडकलेत, डरबनला 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना पोरका आहे, तो सांभाळाल का? महिना दहा पौंड आणि नफा झाला तर त्यात वाटा. वेस्ट दुसऱ्याच दिवशी निघाले. तिथे जाऊन हिशेब पाहिले तर नफा सोडाच, सगळा गोंधळ आणि थकबाकी. त्यांनी गांधींना तसं स्वच्छ कळवलं, आणि तरीही काम सोडलं नाही. पुढे गांधी १९१४ मध्ये आफ्रिका सोडेपर्यंत ते त्यांच्या सुखदुःखात राहिले.

त्याच पत्रामुळे दुसरी ओळख झाली, आणि तीही खाणावळीतच. गांधींनी सांगितलेली हकिकत अशी. एका संध्याकाळी पलीकडच्या टेबलावरच्या एका तरुणानं आपलं कार्ड पाठवलं, भेटायची इच्छा आहे म्हणून. गांधींनी त्याला आपल्या टेबलावर बोलावलं. हे हेन्री पोलक, 'क्रिटिक' नावाच्या पत्राचे उपसंपादक, वय बावीस, इंग्लंडमधले ज्यू. प्लेगचं पत्र वाचल्यापासून त्यांना गांधींना भेटायचं होतं. त्याच संध्याकाळी दोघांचं असं जमलं की आयुष्याच्या मुख्य प्रश्नांवर आपली मतं जवळजवळ एक आहेत असं त्यांना वाटलं. (ती तितकीशी एक नव्हती, हे पुढे कळलंच. पण पहिल्या भेटीत असं वाटणं हे ज्याच्या त्याच्या अनुभवाचं आहे.)

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. वेस्टचं हिशेबाचं पत्र आलं म्हणून गांधी डरबनला निघाले, पोलक स्टेशनवर पोचवायला आले आणि वाटेत वाचायला रस्किनचं 'अनटू धिस लास्ट' हातात ठेवलं. चोवीस तासांचा प्रवास. गांधींनी ते खाली ठेवलं नाही आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मग डरबनपासून सुमारे चौदा मैलांवर शंभर एकर जमीन हजार पौंडांना घेतली, छापखाना तिकडे हलवला, आणि डिसेंबर १९०४ मध्ये फिनिक्सहून अंक निघाला. पहिल्याच रात्री इंजिन रुसलं. वेस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दमून झोपलेल्या सुतारांना उठवून सगळ्यांनी मिळून हातानं चाक फिरवलं, वेस्ट स्तोत्र म्हणत होते, आणि सकाळपर्यंत अंक छापून निघत होता. एका टेबलावरून पुस्तक आलं, दुसऱ्या टेबलावरून छापखाना सांभाळणारा आला. आश्रम नावाची गोष्ट गांधींच्या आयुष्यात सुरू झाली ती अशी.

इथवर सगळं छान आहे. पण ओळख, मैत्री, एकत्र काम आणि घर या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन पुरुषांनी खाणावळीत आणि छापखान्यात जमवल्या. चौथी कुणी जमवली?

कस्तुरबा मुलांना घेऊन जोहान्सबर्गला आल्या. ट्रॉयव्हिल भागातल्या आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या घरात संसार मांडला गेला, आणि पोलकही त्याच घरात राहायला आले. मग गांधींनी पोलकांच्या लग्नाचा विषय काढला. मिली ग्रॅहॅम या ख्रिस्ती मुलीशी त्यांचं कधीचंच ठरलेलं होतं, पैशांची थोडी सोय होऊ दे म्हणून ते थांबलेले. गांधींचं म्हणणं, मनं जुळली असताना केवळ पैशासाठी काय थांबायचं? ३० डिसेंबर १९०५ रोजी मिली जोहान्सबर्गला उतरल्या आणि त्याच दिवशी लग्न ठरलं. गांधी नवरदेवाचे साक्षीदार. गोऱ्यांचे विवाह नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानं सावळ्या साक्षीदाराकडे पाहिलं आणि त्याला शंका आली, की नवरदेव तरी नक्की गोरा आहे ना? चौकशी करावी लागेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी रविवार, तिसऱ्या दिवशी नववर्षाची सुट्टी. शेवटी गांधी थेट मुख्य मॅजिस्ट्रेटकडे गेले, तो हसला, त्यानं चिठ्ठी दिली आणि लग्न लागलं.

आता मिलीची बाजू डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडहून बोटीनं आलेली मुलगी, स्वतःच्या मतांची. नवऱ्याबरोबर दोन खोल्यांचा संसार मांडायची स्वप्नं पाहून आलेली असणार. आणि पोचते ती थेट एका गुजराती एकत्र कुटुंबात! घरात कस्तुरबा, त्यांची मुलं, शिवाय गांधींचे आहारावरचे प्रयोग. बाजारचा पाव बंद, घरी दळलेल्या पिठाचीच भाकरी करायची, म्हणून सात पौंडांचं लोखंडी जातं आणलेलं. एकट्याला ते जड जायचं, दोघांना सोपं. गांधी, पोलक आणि मुलं पहाटे दळायची, मग मिलीही दळायला लागल्या. कस्तुरबा अधूनमधून हात लावायच्या. अधूनमधूनच का, याचं कारण गांधींनी स्वतःच दिलं आहे, की दळणाची वेळ हीच त्यांची स्वयंपाकाला लागायची वेळ असे. वाचताना पटकन निसटून जाणारं वाक्य आहे, पण मी तिथे नेहमी थांबतो. पुरुषांचा तो प्रयोग होता, व्यायाम होता. कस्तुरबांचा तो रोजचा दिवस होता.

आणि कस्तुरबांच्या बाजूनं पाहा. राजकोट-पोरबंदरच्या वैष्णव घरातली बाई. इंग्रजी मोडकंतोडकं. नवऱ्याला खाणावळीत भेटलेला एक परका तरुण आता घरातला दीर झालेला, त्याची गोरी बायको स्वयंपाकघरात आलेली. कुणी तिला विचारलं होतं का? दोघींमध्ये खटके उडाले. गांधी ते लपवत नाहीत. एकाच रक्ताच्या, एकाच चालीरीतीच्या चांगल्या घरांत उडतात तसेच ते होते, असं ते म्हणतात. हे म्हणणं त्यांना जरा सोयीचं आहे असं मला वाटतं. दोन जावांची कुरबुर आणि दोन भाषांच्या, दोन धर्मांच्या, एकमेकींना न निवडलेल्या दोन बायकांची कुरबुर, यात फरक आहे. पण त्यांनी उपमा घरची दिली, पाहुण्यांची नाही, हेही खरंच.

पुरुषांचेही वाद होतेच. गांधी मुलांशी हट्टानं गुजरातीतच बोलत, आणि पोलकांना ते मुळीच पटत नसे. इंग्रजी लहानपणीच येऊ द्या, मुलांचं नुकसान करताय, असं ते तावातावानं सांगत. जरा विचार करा, दोन वर्षांपूर्वी कार्ड पाठवून भेटलेला पंचविशीच्या आतला माणूस दुसऱ्याच्या मुलांच्या शिक्षणावरून त्याच्याच घरात भांडतोय. हा हक्क पाहुण्याला नसतो. तो भावाला असतो. आणि 'भाई' हीच हाक त्या दोघांत रूढ झाली. गांधी पोलकांना लिहिलेल्या पत्रांखाली तशीच सही करत. वेस्टही मायदेशी जाऊन लग्न करून आले, आणि त्यांच्याबरोबर सासूबाई आल्या. त्या म्हाताऱ्या बाईनं फिनिक्समध्ये कामाच्या उरकानं सगळ्यांना लाजवलं म्हणतात. वेस्टची बहीण एडा आली ती तिथे सगळ्यांची 'देवीबहेन' झाली. नाती लावायची आपली सवय समुद्रापलीकडेही काही सुटत नाही!

आल्बेमार्ल स्ट्रीटचं ते एकत्र घर फार दिवस टिकलं नाही. १९०६ मध्ये झुलूंच्या उठावाच्या वेळी गांधी शुश्रूषा पथक घेऊन गेले आणि बायकामुलं फिनिक्सला गेली. पण घर मोडलं तरी नातं मोडलं नाही. १९०९ मध्ये पोलक हिंदुस्थानात आले, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या सल्ल्यानं शहरोशहरी सभा घेत फिरले, आफ्रिकेतल्या हिंदी मजुरांची दैना सांगत. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव कायदेमंडळात आणला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. १९१३ च्या मोर्चात गांधींना पकडल्यावर पुढे चालले ते पोलक, आणि मग तेही तुरुंगात गेले. फिनिक्समध्ये वेस्टनाही अटक झाली. कस्तुरबा तर त्यांच्या आधीच तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगायला गेल्या होत्या.

आणखी एक माणूस याच कुटुंबातला. हर्मन कॅलनबाख, जर्मन ज्यू, जोहान्सबर्गमधले श्रीमंत आर्किटेक्ट, खान नावाच्या मित्राकडून अगदी अपघातानं ओळख झालेले. त्यांनी १९१० मध्ये आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली, तेच टॉलस्टॉय फार्म. १९१४ मध्ये ते गांधी आणि कस्तुरबांबरोबर बोटीनं निघाले, भारतात कायमचं राहायचं म्हणून. दुर्बिणींचा त्यांना भारी शौक. वाटेत त्यावरून रोज वाद, आणि अखेर सात पौंडांची दुर्बीण दोघांच्या संमतीनं समुद्रात! (योगायोग बघा, जातंही सात पौंडांचंच होतं.) बोट इंग्लंडला पोचायच्या दोन दिवस आधी महायुद्ध सुरू झालं. जर्मन नागरिकाला भारतात जायची परवानगी मिळेना. कॅलनबाख नजरकैदेत गेले, आणि दोघांची पुन्हा भेट झाली ती १९३७ मध्ये, तेवीस वर्षांनी.

१९३९ च्या सुरुवातीला ते पुन्हा गांधींकडे येऊन राहिले. युरोपात ज्यूंचं काय चाललं होतं हे आपल्याला माहीत आहे. गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना अहिंसक प्रतिकाराचा सल्ला देणारा लेख 'हरिजन'मध्ये लिहिला होता, त्यावर जगभर टीका झाली होती. आणि घरात हा ज्यू मित्र. गांधींनीच मग 'हरिजन'मध्ये नाव न घेता लिहिलं, की माझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राचा बुद्धीनं अहिंसेवर विश्वास आहे, पण हिटलरसाठी प्रार्थना करणं त्याला शक्य नाही, जर्मनीतल्या अत्याचारांबद्दल तो संयमानं बोलूच शकत नाही, आणि त्याच्या रागाबद्दल मी त्याच्याशी भांडत नाही. दुर्बिणीवरून दिवसेंदिवस वाद घालणारा माणूस इथे भांडत नाही. गांधींचा तो सल्ला मला तेव्हाच्या परिस्थितीत पटत नाही, पण हा मजकूर वाचताना माझा त्यांच्यावरचा राग थोडा निवळतो.

पोलक पुढे इंग्लंडमध्ये राहिले, वकिली करत, परदेशातल्या हिंदी लोकांसाठी काम करत. असहकाराचं राजकारण त्यांना पटलं नाही, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मतं पार दुरावली. तरी गांधींच्या हत्येनंतर १९४९ मध्ये ब्रेल्सफर्ड आणि पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर गांधींचं चरित्र लिहायला पोलकच बसले. ते १९५९ मध्ये गेले.

मिलीनं १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्या घरातल्या खाण्यापिण्याच्या, बायकांच्या स्थितीवरून गांधींशी घातलेल्या वादांच्या हकिकती आहेत. त्या त्यांच्याशी बरोबरीनं भांडत. कस्तुरबांची १९३३ सालची एक छोटी डायरी अलीकडे सापडली आणि २०२२ मध्ये छापून आली, पण जोहान्सबर्गचे दिवस त्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या त्या स्वयंपाकघराची गोष्ट आपल्याला कळते ती बाहेरून आलेल्या जावेकडून. त्या घराची मालकीण २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गेली, कैदेतच. समाधी तिथेच आहे, महादेवभाई देसाईंच्या समाधीशेजारी. नगर रोडनं जाता येता वाटेत लागते.